बोगद्याच्या बाजूने येणारा पास

साताऱ्यात राहणाऱ्याला क्षितिज बघायचं तर गाडीत पेट्रोल घालावं लागतं. कासला जा, नाहीतर सज्जनगड चढा. घरबसल्या दिसतात ते डोंगर. माझं घर शाहूपुरीत. गच्चीवर उभं राहिलं की दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वर, पूर्वेला लांबवर जरंडेश्वर. ईशान्येची बाजू तेवढी त्यातल्या त्यात मोकळी. जन्मभर हे डोंगर बघत आले, पण त्यांनी माझं आभाळ नेमकं किती अडवलंय हा प्रश्न कधी पडला नव्हता. तो पडला निवृत्तीनंतर, उपग्रह ऐकायचा नाद लागला तेव्हा.

अजिंक्यतारा समुद्रसपाटीपासून सुमारे ३,३०० फूट उंच, हे साताऱ्यातल्या कुठल्याही पोराला येतं. पण उपग्रहवाल्याला फूट उपयोगाचे नाहीत, अंश लागतात. नातीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, त्याच्या मध्यावरच्या भोकातून दोरा ओवला आणि दोऱ्याच्या टोकाला एक नट बांधला. कोनमापकाची सरळ कडा डोळ्याशी धरून गडाच्या माथ्यावर रोखायची, दोरा झुलायचा थांबला की बोटाने तिथेच दाबून धरायचा आणि आकडा वाचायचा. नजर अगदी आडवी असेल तर दोरा ९० वर. गडावर रोखल्यावर तो ८१ च्या आसपास आला. म्हणजे दक्षिणेचे नऊ अंश अजिंक्यताऱ्याचे, त्याच्या वरचं आभाळ माझं. यवतेश्वर जरा लांब, त्याने सहा-सात अंश घेतलेत. असं चारी दिशांना फिरून दर दहा अंशांना एक आकडा वहीत लिहून ठेवला. पाण्याच्या टाकीआड किती जातं, शेजारच्यांच्या नारळाआड किती जातं, तेही लिहिलं.

या छंदात पडू बघणारी मंडळी हमखास विचारतात, "रेडिओ कुठला घेऊ?" मी सांगते, आधी दोरा आणि नट घ्या. त्यांना ती थट्टा वाटते.

मी टेलिफोन खात्यात होते. तारा, जोडण्या, फॉल्ट काढणं यात नोकरी गेली. खात्यात जुने तारमास्तर होते, त्यांच्या तोंडून कट्ट-कडकट्टच्या गोष्टी ऐकलेल्या. पुढे २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली. हॅम रेडिओ हा शब्द तेव्हापासून कानावर होता. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारची परीक्षा देऊन, परवाना काढून, कसलाही मोबदला न घेता हवेतून एकमेकांशी बोलणारी माणसं. राजीव गांधी त्यांतले होते, हे खात्यात सगळ्यांना माहीत असायचं. पण नोकरी, घर, सासूबाईंचं आजारपण, मुलांच्या दहावी-बारावी यांत तो शब्द कानावरच राहिला.

हातात मावणाऱ्या पाच वॉटच्या हँडसेटवर भारतात आम्हाला मुख्यतः १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा मिळतो. या लहरी सरळ रेषेत जातात. डोंगर आला की संपलं. शाहूपुरीतून अजिंक्यताऱ्यापलीकडच्या माणसाशी बोलायचं म्हटलं तरी तोंडाला फेस येतो. पण हीच लहर वरच्या दिशेने सोडली तर मध्ये आडवं काही नाही, फक्त हवा, आणि तीही काही किलोमीटरनंतर विरळ होत जाते. त्यामुळे ज्या हँडसेटचा आवाज गडापलीकडे पोचत नाही, त्याचा आवाज चारशे किलोमीटर वरच्या अंतराळ स्थानकात पोचतो. आमच्यासारख्या डोंगरांच्या कोंडाळ्यात राहणाऱ्यांना उपग्रहाचं मोल जरा जास्तच कळतं ते यामुळे.

अंतराळ स्थानक सेकंदाला साडेसात किलोमीटरहून जास्त वेगाने जातं आणि साधारण दीड तासात पृथ्वीची फेरी संपवतं. आपल्या आभाळातून त्याच्या एका जाण्याला पास म्हणतात. वेळा फोनवरच्या ॲपमध्ये मिळतात आणि एसटीच्या वेळापत्रकापेक्षा त्या फार भरवशाच्या असतात. सहा वाजून बारा मिनिटं चाळीस सेकंद म्हटलं की चाळीसच सेकंद. मात्र ॲपने दिलेली वेळ सपाट जमिनीवरच्या माणसाची असते. ॲप म्हणतं स्थानक उगवलं, तेव्हा ते माझ्यापासून तेवीसशे किलोमीटरवर आणि डोंगराच्या मागे असतं. नऊ अंश वर येईपर्यंत ते पंधराशे किलोमीटरवर आलेलं असतं आणि दीड मिनिटाच्या वर वेळ गेलेला असतो. मावळताना पुन्हा तेच. डोक्यावरून जाणारा चांगला दहा मिनिटांचा पास माझ्या वाट्याला सात-आठ मिनिटांचा येतो, आणि क्षितिजालगत घसटून जाणारे पास तर माझ्यासाठी नसतातच. ॲपमध्ये दिसतात, गच्चीवर नाहीत. नवशिका इथेच निराश होतो. रेडिओ बिघडलाय, अँटेना भिकार आहे, असं काहीबाही त्याला वाटायला लागतं. वहीतला आकडा बघितला असता तर कळलं असतं की त्या वेळी उपग्रह डोंगराआड होता, ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

वहीमुळे आणखी एक फायदा झाला. स्थानकाची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ५१.६ अंशांचा कोन करून आहे, म्हणून त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. माथ्यावरून जाणारा पास एक तर नैर्ऋत्येकडून, म्हणजे बोगद्याच्या आणि सज्जनगडाच्या बाजूने येतो आणि ईशान्येला उतरतो; नाहीतर वायव्येकडून, मेढ्याच्या अंगाने येऊन आग्नेयेला जातो. बोगद्याकडून येणारा पास मला आवडतो. येताना गडाच्या पश्चिम टोकाशी थोडा वेळ बुडतो, पण जाताना ईशान्येची मोकळी बाजू मिळते, शेवटपर्यंत ऐकता येतो. संध्याकाळचा असेल आणि आभाळ स्वच्छ असेल तर डोळ्यांनीही दिसतो. जिकडे ठिपका तिकडे अँटेना.

अँटेना मी स्टीलच्या टेपची केली. ही कल्पना माझी नाही, जगभरचे हॅम करतात. मोती चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात पाच मीटरचा टेप, पाऊण इंची पीव्हीसी पाईप, दोन क्रॉस, एक टी आणि होज क्लॅम्प मागितले. वर पत्रा कापायची कात्री मागितली तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काकू, मोजून काय कापायचंय?" टेपच कापायचाय म्हटल्यावर त्याने हातातला टेप परत ठेवला आणि स्वस्तातला काढून दिला.

मागची पाती १०५ सेंटिमीटर, मधल्या दोन प्रत्येकी ४५, पुढची ८९. पातीवरचा पिवळा रंग पॉलिश पेपरने घासून खालचा चकाकता पत्रा उघडा पाडावा लागतो, नाहीतर सोल्डर नुसतं गोळी होऊन घरंगळतं. पत्रा उष्णता ओढून घेतो, बारक्या सोल्डरिंग आयर्नला दाद देत नाही, आणि घासताना कागदाखाली सेंटिमीटरचे आकडे एकेक करून पुसले जातात ते बघून उगाचच चुटपुट लागते. मधल्या दोन पात्यांमध्ये तांब्याची वाकवलेली तार, त्यातून निघणारी कोॲक्स केबल, संपलं. टेपचं सुख असं की जिन्याच्या अरुंद दारातून नेताना पात्या दुमडतात आणि गच्चीवर आल्यावर खट्कन सरळ होतात. ॲल्युमिनियमची असती तर दर वेळी दाराशी भांडण.

हिला यागी अँटेना म्हणतात. जपानमधल्या यागी आणि उदा या दोघांचं हे १९२६ च्या सुमाराचं काम. उदा बिचारे नावातून बरेचदा गळतात. आपल्या पिढीला ती ओळखीची आहे, कारण दूरदर्शनच्या दिवसांत प्रत्येक कौलावर हीच होती. मी वर पाईप फिरवायचा आणि खालून घरच्यांनी ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! थोडं माघारी!" तेव्हा सगळ्या साताऱ्याच्या अँटेना अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरकडे तोंड करून असायच्या. आज तोच गड माझे उपग्रह अडवतो म्हणून मी कुरकुर करते, ते काही बरोबर नाही.

उपग्रहासाठी अँटेना फिरवणं मात्र त्याहून वेगळं. टॉवर जागेवर असतो, उपग्रह नसतो. डाव्या हाताने अँटेना त्याच्या मागे मागे न्यायची, आणि शिवाय मनगटातून पीळ द्यायचा. छोटे उपग्रह वर स्वतःभोवती लोळत असतात, त्यांच्या लहरींचा कल बदलत राहतो. आत्ता आडवी धरलेली अँटेना छान ऐकत असते आणि पाच सेकंदांत आवाज खरखरीत बुडतो. दिशा तीच ठेवून पाईप हातातल्या हातात पाव फेरा वळवला की आवाज खरखरीतून वर येतो, स्वच्छ, कानाशी. सगळ्यात आधी हात शिकतो तो हा पीळ. गच्चीवर हे चाललेलं बघून शेजारच्या मावशींनी विचारलंच, "काय ओ ताई, वानरं हाकलताय व्हय?" डोंगर जवळ असल्याने वानरं आमच्याकडे खरंच येतात. आणि अँटेना हातात असली की लांब राहतात, हेही खरं.

ऐकायला सुरुवात कुठून करावी? पुतण्याने मला एक यूएसबी डोंगल आणून दिलं. मुळात ते लॅपटॉपवर परदेशी टीव्ही बघायला निघालेलं. पण २०१२ च्या सुमाराला लोकांच्या लक्षात आलं की आतली चिप बऱ्याच मोठ्या पट्ट्यातल्या लहरी कच्च्या स्वरूपात संगणकाला देते, मग उरलेला रेडिओ सॉफ्टवेअरने बनवता येतो. त्यावर स्थानकाचं १४५.८०० मेगाहर्ट्झ लावायचं. अंतराळवीर शाळांतल्या मुलांशी बोलतात ते बऱ्याचदा इथेच उतरतं. १४५.८२५ वर संगणकी संदेशांची फुरफुर असते. कधी कधी स्थानकावरून चित्रं सोडतात, एकेक चित्र दोन मिनिटांचं, आवाजाच्या रूपात. फोनवर एक ॲप उघडून तो रेडिओच्या स्पीकरजवळ ठेवला की पडद्यावर वरून खाली ओळ ओळ चित्र उमटत जातं. माझ्या चित्रांच्या तळाशी बहुतेक वेळा करडी भुसभुशीत पट्टी असते. तिथे डोंगर येतो.

१४५ च्या पट्ट्यात काम सोपं आहे. ४३५ च्या आसपास गेलं की डॉप्लर भेटतो. उपग्रह आपल्याकडे येत असताना त्याची लहर थोडी वरच्या फ्रीक्वेन्सीवर ऐकू येते, दूर जाताना खाली. शाळेत शिकलेलं, परीक्षेत लिहिलेलं. गच्चीवर त्याचा अर्थ असा की एसओ-५० नावाचा, खालून आलेला हॅमचा आवाज परत खाली सोडणारा सौदी उपग्रह बोलतो ४३६.७९५ वर, पण मला तो सुरुवातीला ४३६.८०५ वर ऐकू येतो आणि जाताना ४३६.७८५ वर. म्हणून हँडसेटमध्ये पाच-पाच किलोहर्ट्झच्या अंतराने पाच चॅनेल आधीच भरून ठेवायचे आणि पास चालू असताना अंगठ्याने एकेक पायरी उतरायची. वर पाठवण्याचं मात्र १४५.८५० ला ठेवलं तर हलवायची गरज पडत नाही, तिथे फरक तीनेक किलोहर्ट्झचाच असतो. बहुतेक फरक पास माथ्यावर असताना, मधल्या दोन-तीन मिनिटांत उरकतो. टोकांना, डोंगरांच्या जवळ, लहर जवळपास स्थिर असते. म्हणजे माझ्याकडून जे हिरावलं जातं ते निदान सोपं टोक असतं का? नाही. खरं तर लांबची माणसं भेटतात ती टोकांनाच.

हा सगळा उद्योग सुरू कुणी केला, ते मला फार आवडतं. १९५७ मध्ये स्पुटनिक गेला आणि चारच वर्षांनी, १२ डिसेंबर १९६१ ला, कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी स्वतः जुळवलेला ऑस्कर-१ अमेरिकी लष्कराच्या रॉकेटवरून गेला. मोठ्या उपग्रहाबरोबर तोल साधायला जे वजन ठेवायचं, त्या वजनाच्या जागी. साधारण साडेचार किलोचा. रॉकेटपासून ढकलून वेगळं करायची स्प्रिंग त्यांनी साध्या दुकानातून आणलेली होती. मोती चौकात टेप घेताना मला तेच आठवत होतं. तो उपग्रह एवढंच म्हणायचा: चार टिंबं, दोन टिंबं. मोर्समध्ये 'हाय'. म्हणण्याच्या वेगावरून आतलं तापमान कळायचं. जेमतेम तीन आठवडे बॅटरी चालली, तेवढ्यात २८ देशांतल्या साडेपाचशेहून जास्त हॅमनी आपापल्या नोंदी कळवल्या.

पण माझा लाडका एओ-७. हा १५ नोव्हेंबर १९७४ ला गेला. १९८१ मध्ये त्याच्या बॅटऱ्या शॉर्ट झाल्या आणि तो बंद पडला. सगळ्यांनी हिशेब मिटवला. आणि २१ जून २००२ ला एका हॅमला ओळखीचे मोर्सचे आकडे ऐकू आले. वीस-एकवीस वर्षांनी. झालं होतं असं की शॉर्ट झालेली बॅटरी आतून तुटून उघडी झाली आणि सौर पट्ट्यांची वीज पुन्हा थेट यंत्रापर्यंत जायला लागली. फॉल्टनेच फॉल्ट काढला. टेलिफोन खात्यात हे मी पाहिलंय. पावसाळ्यात मेलेली जोडणी उन्हाळ्यात आपोआप जिवंत होते आणि लाईनमन श्रेय घेऊन जातो. एओ-७ ला आता बॅटरी नाही, म्हणून तो उन्हात जागा होतो आणि पृथ्वीच्या सावलीत शिरला की झोपतो. दर वेळी उठतो तो नवाच, आदल्या फेरीचं काही त्याला आठवत नाही.

तो साडेचौदाशे किलोमीटरवर फिरतो. उंच असल्याने पास वीस मिनिटांचा, आणि डोंगरांनी खाल्लेली दोन-तीन मिनिटं अंगाला लागत नाहीत. दक्षिणेकडून येणारा पास असला की तो गडाच्या मागून उगवतो. मी १४५.९७ च्या जवळ डोंगल लावून बसते. संगणकाच्या निळ्या पडद्यावर वरून खाली सरकणारा धबधबा असतो, त्यात आधी काहीच नसतं. मग एक फिकट पिवळी तुटक रेघ उमटते, हळूहळू डावीकडे कलणारी. तो कल म्हणजे डॉप्लर. कान देऊन ऐकलं तर टिंबं: चार, दोन. आणि पुढे आकडे. कुठल्या आकड्याचा अर्थ काय, याचा तक्ता माझ्याकडे आहे, पण मी तो क्वचितच उघडते. मी सातवी-आठवीत असतानाचं यंत्र वरून बोलतंय, एवढ्यावर माझं भागतं. या उपग्रहाला मी फक्त ऐकते. त्याला वर बोलायची मुख्य जागा ४३२ मेगाहर्ट्झला आहे आणि आपला पट्टा ४३४ ते ४३८ चा.

आपला स्वतःचा हॅमसॅट ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ ने गेला, कार्टोसॅट-१ बरोबर. साडेबेचाळीस किलोचा. आत दोन ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेल्या लहरी पकडून परत खाली पाठवणारी यंत्रं; एक भारतीय हॅमनी केलेला, दुसरा एका डच विद्यार्थ्याने. जगभर तो व्हीओ-५२ म्हणून ओळखला जायचा. २०१४ च्या जुलैत बॅटरीनेच त्याला संपवलं. नऊ वर्षं तो माझ्या गच्चीवरून जात राहिला आणि मी त्या वेळी खाली गिऱ्हाइकांच्या बंद पडलेल्या फोन-लाईनच्या तक्रारी बघत होते. नंतर २२ जून २०१६ ला पुण्याच्या सीओईपीच्या मुलांनी केलेला 'स्वयम्' गेला, पीएसएलव्ही-सी३४ ने. एक किलोचा, तळहातावर मावेल असा. त्याला दिशा द्यायला मोटारी-बिटारी नाहीत, आत चुंबक. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राला धरून तो आपोआप वळतो. पुण्यातली कॉलेजची मुलं हे करू शकतात हे कळल्यावर साताऱ्यातल्या आजीने निदान टेपची अँटेना करायला हरकत नव्हती.

बोलायचं असेल तर परवाना. दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची परीक्षा असते: थोडं रेडिओचं शास्त्र, थोडे नियम. बारा वर्षांच्या पुढच्या कुणालाही देता येते. रिस्ट्रिक्टेड परवान्याला मोर्स लागत नाही, त्यांची कॉलसाइन, म्हणजे हवेतलं ओळखनाव, व्हीयू-३ ने सुरू होते. जनरलला मोर्स येतं असं दाखवावं लागतं, त्यांची व्हीयू-२ ने. पोलीस पडताळणी होते. आमच्याकडे आलेल्या हवालदारांनी चहा घेत घेत विचारलं, "ह्याच्यावरनं काय बोलता?" मी म्हटलं, आपलं नाव आणि गाव सांगायचं, समोरच्याचं ऐकायचं. "आणि मग?" आणि मग पास संपतो. त्यांनी सही घेतली.

थट्टा नाही, खरोखर एवढंच असतं. एसओ-५० हा एकाच चॅनेलचा उपग्रह. २० डिसेंबर २००२ पासून वर आहे, म्हातारा झालाय, पाव वॉटवर बोलतो. आधी ७४.४ हर्ट्झचा टोन देऊन त्याला दहा मिनिटांसाठी जागं करायचं, मग ६७ च्या टोनवर बोलायचं. हजारो किलोमीटरच्या टापूतली माणसं त्या एका चॅनेलवर एकाच वेळी वाट बघत असतात. दुबईवाला, कोलंबोवाला, बंगळूरचे दोघे-तिघे. इथे जेवलात का, पाऊस कसा आहे, याला जागा नाही. कॉलसाइन आणि ग्रिड, पाच-सात सेकंद, पुढचा. ऐकू येत नसेल तर बटण दाबायचं नाही, हा एकच शिष्टाचार मी जीव तोडून सांगते. स्वतःला ऐकू येत नसताना नुसतं हॅलो-हॅलो करणारे इतरांचा पास वाया घालवतात, आणि असले महाभाग दर पासला एक तरी असतो.

ग्रिड म्हणजे पृथ्वीचे दोन अंश बाय एक अंश असे चौकोन, प्रत्येकाला दोन अक्षरं आणि दोन आकडे. हॅम मंडळी हे चौकोन गोळा करतात. आता साताऱ्याची गंमत अशी की ७४ अंश पूर्व रेखांश शहरातूनच जातो. म्हणजे शाहूपुरीत माझ्या घरी एमके-६७ आणि एमआयडीसीत गेलं की एमके-७७. परदेशातल्या कुणाला ७७ हवा असला की मला निरोप येतो. मी स्कूटरवर अँटेना दुमडून घालते आणि शहराच्या पूर्वेला जाते. तिकडे गडही जरा मागे राहतो, पास मिनिटभर लांबतो. रिक्षावाले थांबून बघतात. एकाने विचारलं, मोबाईलच्या रेंजची तपासणी चालू आहे का, आणि आपल्या गल्लीत रेंज येत नाही ही तक्रारही नोंदवून घेतली माझ्याकडे.

लोक विचारतात, याचा उपयोग काय. हॅममंडळींकडे यावर तयार उत्तर असतं: आपत्तीत कामाला येतो. माझी बहीण सांगलीत असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, जिथे ४५ ला धोक्याची खूण आहे. त्या दिवसांत तिचा फोन लागत नव्हता, तेव्हा रेडिओचं मोल मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पण ते मोल जमिनीवरच्या रेडिओचं, उंचावरून आवाज पुढे पोचवणाऱ्या रिपीटरचं, गाडीवर लावलेल्या सेटचं. दिवसातून पाच-सहा वेळा आठ मिनिटांसाठी येणारा उपग्रह बोट मागवायला उपयोगी नाही. तेव्हा उपग्रहाच्या नादाला समाजसेवेचा टिळा लावू नये असं माझं मत आहे. आमच्या गटात ते फारसं कुणाला पटत नाही. २०२५ च्या जुलैत शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावरून हॅम रेडिओवर आपल्या विद्यार्थ्यांशी बोलले, कल्पना चावला आणि सुनीता विल्यम्स यांच्याकडेही हॅमचे परवाने होते. त्या मुलांना कुणी उपयोग विचारला नसेल.

आता गच्चीवर एक नवं काम निघालंय. २०१८ च्या १५ नोव्हेंबरला कतारच्या एस-हेल-२ उपग्रहावर हॅमचा ट्रान्सपाँडर गेला, क्यूओ-१००. हा भूस्थिर. छत्तीस हजार किलोमीटरवर, २६ अंश पूर्वेला एका जागी उभा. ब्राझीलपासून आपल्यापर्यंतचा सगळा टापू त्याला दिसतो. त्याला पास नाही, अंगठ्याने पायऱ्या उतरणं नाही, मनगटाला पीळ नाही. इंग्लंडमधल्या गूनहिली इथल्या रिसीव्हरवरून तो इंटरनेटवरही ऐकता येतो, ज्याला काहीच खर्च करायचा नाही त्याने तिथून सुरुवात करावी. पण इंटरनेटवरचं ऐकणं मला ऐकणं वाटत नाही. साताऱ्याहून तो पश्चिमेच्या किंचित दक्षिणेला, ३२ अंश वर येतो. वही काढून बघितलं: त्या दिशेला यवतेश्वराचे सात अंश. वर पंचवीस अंश मोकळे.

माळ्यावर जुनी डीटीएचची डिश पडून होती, ती उतरवून पुसलीय. लहरी १०,४८९ मेगाहर्ट्झच्या, पण डिशपुढचा एलएनबी त्या खाली आणून डोंगलला झेपतील अशा करतो, म्हणून नवं काही घ्यावं लागणार नाही. अडचण एकच, स्वस्त एलएनबी उन्हात तापला की फ्रीक्वेन्सी सरकवतो. त्याच्यावर सावली धरायची की आतला क्रिस्टल बदलायचा, यावर पुतण्याचं आणि माझं रोज फोनवर वाजतं. तो क्रिस्टल म्हणतो. मी म्हणते आधी डिश तर बसव. रविवारी तो दहाचा आणि तेराचा पाना घेऊन येणार आहे. कोनमापक आणि नट मी टाकीवर काढून ठेवलेत.